सावनेर शोधताना उमरेड

20 जानेवारी 1823 रोजी विल्यम लॅम्बटन हिंगणघाटला वारला. हैदराबादहून नागपूरला निघाला होता, पोचला नाही. 1802 मध्ये त्याने मद्रासजवळ एक आधाररेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण उभारत भारताची मोजणी पुढे नेली. एक बाजू साखळीने मोजायची, मग अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटमधून नुसते कोन बघायचे. उरलेल्या बाजू गणिताने निघतात.

म्हणजे मोजणीत हाती येतात कोन आणि अंतर. नकाशाला मात्र हवं असतं पूर्वेला किती, उत्तरेला किती. कोन-अंतराची ही पद्धत, आपली पोलर, न्यूटनने 1671च्या सुमारास लिहून ठेवली होती. छापून आली 1736 मध्ये, तो गेल्यावर नऊ वर्षांनी. तोवर याकोब बर्नुलीने 1691 मध्येच ती छापील लेखात वापरली होती.

आम्हाला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हे सगळं दोन ओळींत मिळालं: एक्स = आर कॉस थीटा, वाय = आर साइन थीटा. पाठ केलं, पास झालो. पुढे नोकरीत दिशा दाखवणारा बाण कोडमध्ये लिहायची वेळ आली, तेव्हा चाचणीसाठी आपलं गाव घेतलं. नागपूरच्या झिरो माइलपासून सावनेर सरळ रेषेत साधारण 26 किमी उत्तरेला आणि 17.5 किमी पश्चिमेला. पायथागोरसने अंतर आलं 31 किमीच्या थोडं वर. रस्ता वळणाचा, त्यामुळे एसटीला जास्त पडतं. कोनासाठी 26 भागिले उणे 17.5 करून टॅनचा व्यस्त घेतला. उत्तर उणे 56 अंश. बाण थेट उमरेडच्या बाजूला!

चूक गणिताची नव्हती, भागाकाराची होती. वजा चिन्ह वरचं की खालचं, हे भागाकारानंतर कळायला मार्गच उरत नाही. 180 मिळवले की 124 अंश, म्हणजे सावनेर. हे काम आपोआप करणारं एटॅन-टू 1966च्या फोर्ट्रान मानकातही आहे. मला ते माहीत नव्हतं.

मग वहीवर आलेख काढत बसलो. झिरो माइलहून सावनेरला जाणारी रेषा पोलरमध्ये फक्त थीटा = 124 अंश. 31 किमीचं वर्तुळ, जे एक्स वर्ग अधिक वाय वर्ग = 961 असं लिहायचो, ते झालं आर = 31. पण सावनेरवरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा, एक्स = उणे 17.5, इतकी साधी, ती झाली आर = उणे 17.5 भागिले कॉस थीटा. 180 अंशांना आर 17.5, 150ला 20, 120ला 35. कोन 90कडे सरकला की आर कागदाबाहेर, पार छिंदवाड्याच्याही पलीकडे.