हंड्यावरचं फडकं

उतरून पाणी भरायची विहीर म्हणजे नारूला आवतण. मराठवाड्यातल्या बारवांच्या पायऱ्या थेट पाण्यात जात. पायावर नारूचा फोड असलेलं कुणी घोटाभर पाण्यात उभं राहिलं, की गारव्याने आग शमे आणि त्याच वेळी फोडातली नारू जंताची मादी हजारो अळ्या पाण्यात सोडी. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव गिळत, आणि ते जीव पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जात. वर्षभराने शेवईसारखा पांढरा, कधी मीटरभर लांबीचा जंत पायातून डोकावे. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. घाईत तुटला, की पाय चिघळलाच.

यावर औषध नव्हतं. आजही नाही.

१८७०च्या सुमारास अलेक्सेई फेडचेन्को या रशियन संशोधकाने मध्य आशियात सायक्लॉप्सचा हा वाटा शोधून काढला. हा जीव एक-दोन मिलिमीटरचा, दाट विणीच्या कापडात सहज अडकणारा. आणि पाणी गाळून प्यावं, हे तर मनुस्मृतीही सांगते. जैन घरांत गाळून झाल्यावर फडक्यावरचे जीव ज्या त्या पाणवठ्यात परत सोडायची रीत. गाळणारा सुखरूप, सायक्लॉप्सही सुखरूप!

मग नारू टिकला कसा? विरलेलं फडकं काय अडवणार? शिवाय शेतात तहान लागली, की ओंजळीनेच प्यायचं.

१९८४ साली देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण होते. महाराष्ट्रही त्यात होता. सरकारी मोहिमेत बारीक जाळीची गाळणी वाटली गेली, विहिरींत सायक्लॉप्स मारायचं औषध पडलं, पायऱ्या बंद झाल्या. गावोगावी हातपंप आले. त्यांतला गाजलेला 'इंडिया मार्क टू' हा सोलापूरच्या पंपावरून घडलेला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला.

कॉलऱ्याचे जंतूही सायक्लॉप्सच्या भाऊबंदांना चिकटून फिरतात. बांगलादेशातल्या मतलब भागात रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या सुती साडीची घडी घालून पाणी गाळायला लावलं. कॉलरा ४८ टक्क्यांनी घटल्याचं २००३मध्ये प्रसिद्ध झालं. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन सूत फुलतं आणि विणीतली भोकं बारीक होतात.

टायफॉईडचे जंतू आणि काविळीचे विषाणू मात्र कितीही पदर केले तरी कापडातून खाली उतरतात. नळाला गढूळ पाणी आलं, तर गाळून थांबू नका. खळखळ उकळा आणि मगच माठात भरा.