राजाचे नाव, कामगारांची वाट

‘कामिनितो देल रे’ म्हणजे राजाची पाऊलवाट. स्पेनच्या मालागा प्रांतात, ग्वादालओर्से नदीच्या घळईत, शंभरेक मीटर उंचीवर कड्याला लगडलेली. राजा आल्फोन्सो तेरावा इकडे आला १९२१ साली, धरणाच्या उद्घाटनाला. नाव पडले त्याचे! वाट मात्र १९०१ ते १९०५ या काळात बांधली गेली ती जलविद्युत केंद्राच्या कामगारांसाठी. रुंदी जेमतेम मीटरभर; तेवढ्यावरून सामानाची ने-आण. पुढे देखभाल सुटली. १९९९ व २००० मध्ये माणसे पडून दगावली, तेव्हा ती बंद झाली. २०१५ साली खुल्या झालेल्या नव्या लाकडी वाटेवरून मी हेल्मेट घालून चाललो. खाली जुनी वाट दिसते: काँक्रीट ढासळलेले, कुठे नुसते गंजके लोखंड. कठडा धरूनही माझे पाय लटपटत होते. ते लोक इथूनच कामावर जायचे.