गाडीतला रेडिओ आणि दारातली तार

मागच्या हिवाळ्यात आमच्या गाडीच्या एका स्पीकरने मौनव्रत धरलं. तेही अधूनमधून! सकाळी ऑफिसला निघालो की गप्प, दुपारी ऊन पडलं की गातोय. ड्रायव्हरच्या दारातला स्पीकर (इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो). दार जरा आपटून लावलं की पाचदहा मिनिटं सुरळीत, मग पुन्हा खर्र... आणि शांतता.

डीलरकडे गेलो. तिथल्या माणसाने गाडीला कॉम्प्युटर जोडला, त्यात काही सापडलं नाही. मग त्याने थंडपणे सांगितलं, "अख्खं स्टिरिओ युनिट बदलावं लागेल. बाराशे डॉलर." गाडी नऊ वर्षांची. मी "विचार करून सांगतो" म्हणून घरी आलो आणि खरंच विचार करत बसलो. दार आपटल्यावर जो बिघाड बरा होतो, तो डॅशबोर्डमधल्या खोक्यात कसा असेल?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना गाडीतल्या रेडिओचा सगळा इतिहासच आठवला. तो थोडक्यात सांगतो, कारण माझं निदान त्यातूनच निघालं.

गाडीत रेडिओ बसवायची खटपट हौशी मंडळींनी १९२०च्या दशकातच सुरू केली होती. पण मोटार ही रेडिओची जन्मजात वैरीण. एक तर खड्ड्यांचे धक्के आणि आत नाजूक काचेच्या ट्यूब्ज. त्यात स्पार्क प्लगची ठिणगी. मार्कोनीचे सुरुवातीचे ट्रान्समीटर ठिणगीवरच चालायचे, म्हणजे प्रत्येक मोटार आपल्याबरोबर एक छोटं कर्कश रेडिओ स्टेशनच घेऊन फिरत होती! शिवाय ट्यूब्जना लागायचा जास्त व्होल्टेजचा पुरवठा, आणि गाडीची बॅटरी तर सहा व्होल्टची. त्यामुळे वेगळ्या जड बॅटऱ्या पायाखालच्या फळ्यांच्या खाली ठेवाव्या लागत.

शिकागोच्या पॉल गॅल्विनने हा उद्योग धंद्याच्या पातळीवर आणला. १९२९ साली शेअर बाजार कोसळल्यावर त्याची छोटी कंपनी अडचणीत होती. जून १९३० मध्ये त्याने स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि बायकोला घेऊन सुमारे तेराशे किलोमीटरवरच्या अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला गेला. आत स्टॉल नव्हता. मग गाडी बाहेर उभी केली, रेडिओ मोठ्याने लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवला. ऑर्डरी मिळाल्या. मोटार आणि व्हिक्ट्रोला यांची सांगड घालून त्याने नाव ठेवलं 'मोटोरोला'. पुढे १९४७ साली कंपनीचंच नाव तेच झालं.

तो रेडिओ बसवणं म्हणजे गाडीवर शस्त्रक्रियाच. प्लगच्या तारांवर रेझिस्टर, जनरेटरवर कपॅसिटर, आणि कापडी छताच्या अस्तरात अँटेनाची जाळी. १९३५च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणलं, तेव्हा अँटेनाला छतातून बाहेर पडून दुसरी जागा शोधावी लागली.

जास्तीच्या बॅटऱ्या गेल्या त्या व्हायब्रेटरमुळे. हा डबीएवढा भाग. त्याच्या आतली पत्ती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरायची आणि सहा व्होल्टचा प्रवाह तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला पुरवायची. सोय झाली, पण रेडिओत सगळ्यात आधी मरणारा भागही तोच. पत्तीचे संपर्क जळायचे, चिकटायचे. मग बाहेरून टपली मारली की कधीकधी पुन्हा सुरू!

१९५५ साली क्रायस्लरने फिल्को कंपनीने बनवलेला, पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ दीडशे डॉलरला देऊ केला. ट्यूब नाही, व्हायब्रेटर नाही. मग १९६०च्या दशकात टेप आल्या (आपल्याकडे कितीतरी वर्षं त्याला 'कार टेप'च म्हणत). टेपमुळे मोटर, पट्टा, चाकं असे हलणारे भाग पुन्हा आत आले आणि बिघाडही आले.

१९८३च्या मॉडेलांत जनरल मोटर्सच्या काही महागड्या गाड्यांत डेल्को-बोस सिस्टीम आली. गाडीच्या आतल्या जागेचा अभ्यास करून, प्रत्येक स्पीकरला स्वतःचा अँप्लिफायर देऊन ती बनवली होती. बोस कंपनी आमच्या मॅसॅच्युसेट्समधली. तिचे संस्थापक अमर बोस यांचे वडील बंगालमधून आलेले स्वातंत्र्यसैनिक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शाळकरी अमर फिलाडेल्फियात रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावत असे.

आता यात एक गंमत बघा. ट्यूब गेली, व्हायब्रेटर गेला, टेपचा पट्टाही गेला. सध्याच्या खोक्यात हलणारं जवळजवळ काहीच उरलं नाही. मग गाडीच्या साउंड सिस्टीममध्ये रोज हलतं काय? दार! आणि दाराबरोबर वाकतात त्या तारा.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. कारखान्याचा वायरिंग डायग्राम उत्पादकाच्या वेबसाइटवर एक दिवसाचं शुल्क भरून मिळाला. (दारात एअरबॅगचे सेन्सर असू शकतात, म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडा वेळ थांबलो.) दाराचं पॅनेल उघडून स्पीकर सुटा केला आणि त्याच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. टक्! म्हणजे स्पीकर जिवंत. तो परत जोडून डॅशबोर्डमागचा प्लग काढला आणि त्या दोन तारांवर मीटर लावला. साडेतीन ओहम. चार ओहमच्या स्पीकरला हे अगदी योग्य. मग दार हळूहळू उघडत गेलो. अर्ध्यावर येताच मीटर अनंत!

बिजागरीजवळच्या रबरी नळीत तार होती. वरून आवरण धडधाकट, आतलं तांबं तुटलेलं. दार बंद असताना टोकं एकमेकांना टेकत, थंडीत आखडली की सुटत. फूटभर नवी तार, दोन सोल्डरचे जोड (नळीच्या बाहेर, जिथे वाकत नाही तिथे), वरून स्लीव्ह. खर्च पाच डॉलरच्या आत.

डीलरचा माणूस लबाड होता असं मला वाटत नाही. त्याच्या कॉम्प्युटरला खोकं दिसतं, बिजागरीतली तार दिसत नाही. पण तो डायग्राम मला मिळाला नसता तर? २०१२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये याच प्रश्नावर मतदान झालं. डीलरला मिळणारी दुरुस्तीची माहिती गाडीच्या मालकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळावी, या बाजूने सुमारे ८६ टक्के मतं पडली. मीटर पंधरा डॉलरला कुठेही मिळतो हो, पण कुठली तार कुठे जाते हे सांगणारा कागद हवा.

आणि तो १९३०चा ठिणगीचा त्रास? तो संपला असं समजू नका. इलेक्ट्रिक मोटारींचे इन्व्हर्टर एएम रेडिओत खरखर करतात, म्हणून काही कंपन्यांनी अशा गाड्यांतून एएमच काढून टाकलं. फोर्डनेही ते ठरवलं होतं, पण २०२३च्या मे महिन्यात ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. मोटार आणि रेडिओचं भांडण अजून चालूच आहे.

असो. तुमच्या गाडीतला स्पीकर कधी गप्प झाला, तर खोकं बदलण्याआधी एकदा दार हलवून बघा.