कलाभवन आणि बडोद्यातील बांधकामशिक्षण

घडियाळी पोळ ही बडोद्याच्या जुन्या शहरातील एक वस्ती आहे. अशा पोळींमधील लाकडी घरे सुतार आणि गवंडी यांच्या हातून उभी राहिली. आराखडा, सामानाचा हिशेब आणि कामाचा क्रम ही विद्या बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शिकाऊकडे जाई.

एकोणिसाव्या शतकात धरणे, पूल आणि रेल्वे यांची कामे वाढली, तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. मोठ्या कामाला मोजणी, अंदाजपत्रक आणि अनेक तुकड्यांवर एकत्र देखरेख लागते. सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करण्यास पुण्यात 1854 साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला.

बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या काळात आजवा येथील जलाशय आणि लक्ष्मीविलास राजवाडा ही मोठी कामे झाली. 1890 साली त्यांनी कलाभवन ही तंत्रशिक्षण देणारी संस्था स्थापन केली. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा आग्रह होता की तंत्रविद्या देशी भाषांतून शिकवावी. त्यासाठी गुजराती व मराठीत पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले गेले. रेखाचित्र, यंत्रविद्या, रंगकाम, विणकाम यांबरोबर स्थापत्यही तेथे शिकवले गेले.

कारागिराच्या मुलालाही नकाशा वाचता यावा, हे या संस्थेचे मोठेपण होते. 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत सामावले.