तंजावरची बोलकी पृथ्वी

कुंभकोणमनजीक तिरुभुवनम् येथे तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या (कारकीर्द ११७८–१२१८) मंदिरावर ग्रंथ लिपीतील संस्कृत काव्य कोरलेले आहे. या प्रदेशात कविता केवळ पोथीत राहिली नाही. पुढे तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीने १८०३ साली भोसले वंशाचा दीर्घ मराठी इतिहास कोरविला. तो भिंतीलगत चालतच वाचावा लागतो. जेफ्री शॉ यांच्या ‘द लेजिबल सिटी’ (१९८९) या मांडणीत प्रेक्षक जागच्या सायकलीचे पायडल मारीत पडद्यावरील अक्षरांच्या रस्त्यांतून फिरतो. पायांनी वाचण्याचा अनुभव मात्र तंजावरला जुनाच. अर्थात सरफोजीचा लेख गद्य आहे, काव्य नव्हे.

काव्य आणि नवी विद्या यांची खरी गाठ त्याच्याच ‘देवेंद्र कुरवंजी’त पडली. कुरवंजी हा मूळचा तमिळ नृत्यनाट्यप्रकार. त्यात भटकी भविष्यवादिनी नायिकेचे भाग्य कथन करते. सरफोजीची कुरवंजी इंद्राणीला पृथ्वीवरील खंडे, देश व नद्या गाऊन सांगते. तंजावरात छापखाना घालून इसापनीतीची मराठी ‘बालबोधमुक्तावली’ (१८०६) छापविणाऱ्या या राजाला नकाशाही रंगभूमीवर बोलका करावासा वाटला. पदांतील काव्यगुण बेताचाच; कित्येक ठिकाणी तर निव्वळ नामावळी. परंतु ही नामावळी नाचत, गात, प्रश्नोत्तरांतून ऐकावयाची होती. मराठी वाङ्मयेतिहासाने तंजावरी नाटकांना प्राचीनत्वाचा मान दिला आणि त्यांच्या संहिता तपासल्या. प्रयोगाचा विचार मात्र क्वचितच केला.