पालक कोण? वळिवड्याची पोलिश मुलं आणि आपण

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान पोलंडला गेले, तेव्हा वॉर्सा शहरातल्या स्मारकांचे फोटो सगळीकडे फिरले. एक होतं जामनगरच्या जामसाहेबांचं, दुसरं कोल्हापूरचं. जामसाहेब कोण हे लोकांनी मोबाइलवर शोधून काढलं. पण कोल्हापूरचं नाव पोलंडच्या राजधानीत कशाला, यावर आमच्या पेणच्या चहाच्या टपरीवर दोन दिवस चर्चा चालली. कोणी म्हणालं कुस्ती, कोणी म्हणालं चप्पल. खरं कारण फार वेगळं आहे, आणि आपल्या रायगडशी त्याचा जो संबंध मला लागतो तो पुढे सांगतो.

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पोलंडमध्ये घुसला, हे आपण शाळेत शिकलो. १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूनं स्टॅलिनचं सैन्य घुसलं, हे आपल्याला फारसं कोणी शिकवलं नाही. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेला आणि फेब्रुवारी १९४० पासून रात्री-अपरात्री दारं ठोठावून कुटुंबंच्या कुटुंबं उचलायला सुरुवात झाली. मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान, उत्तरेची जंगलं. शेतकरी, जंगलखात्यातले नोकर, सैनिकांच्या बायका आणि त्यांची पोरं.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला. आता रशियाला इंग्रजांची गरज पडली, लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी करार झाला, आणि या लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा काय होता ते विचारू नका. सुटलेली माणसं दक्षिणेकडे निघाली, कारण तिकडे पोलिश सैन्य उभं राहत होतं. वाटेत भूक आणि टायफस. आई गेली, बाप सैन्यात किंवा बेपत्ता, अशी शेकडो मुलं मागे उरली. अश्गाबादला त्यांच्यासाठी अनाथालय उघडलं गेलं.

इथे एक गोष्ट नीट वाचा. काही आयांनी स्वतः जिवंत असताना मुलांना अनाथ म्हणून तिथे सोडलं. कारण बाहेर पडण्याची वाट आधी अनाथांना मिळणार होती. पोर जगावं म्हणून ‘याला कोणी नाही’ असं सांगून आई निघून जाते. मी वीस वर्षं बातम्या लिहितोय, पण हे वाचल्यावर मला पुढचं पान उलटता येईना.

मुंबईहून मदतीचं सामान घेऊन ट्रक अश्गाबादला गेले, आणि परतताना याच ट्रकांतून मुलं आली. मशहद, मग इराणचं वाळवंट, क्वेट्टा आणि पुढे रेल्वेनं मुंबई. १९४२ च्या वसंतात पहिली तुकडी वांद्र्याला उतरली. पोलंडची गाजलेली गायिका हांका ऑर्डोनोव्हना या मुलांसोबत होती, तीही रशियातल्या छळातून सुटलेली. मुंबईतले पोलिश वकील बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी इथली बाजू सांभाळली. किराबाई पुढे भारतातच राहिल्या.

मुलांना ठेवायचं कुठे, यावर दिल्लीत खल चालू असताना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह म्हणाले, माझ्याकडे पाठवा. रणजी ट्रॉफी ज्यांच्या नावानं आहे त्या रणजितसिंहांचे हे पुतणे, आणि तेव्हा संस्थानिकांच्या नरेंद्रमंडळाचे प्रमुख. आपल्या उन्हाळी महालाजवळ, समुद्रकाठच्या बालाचडीला त्यांनी छावणी बांधून दिली. आता त्या जागी सैनिक स्कूल आहे. त्यांनी मुलांना सांगितलं की तुम्ही आता अनाथ नाही, इथले लोक मला बापू म्हणतात, तुम्हीही म्हणा. खर्चासाठी निधी उभा राहिला, त्यात इतर संस्थानिकांनीही पैसे घातले.

या मुलांनी म्हातारपणी सांगितलेली एक आठवण मजेशीर आहे. छावणीत सारखी पालकची भाजी असायची, तेव्हा पोरांनी संप केला. जामसाहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी भाजी बंद करवली. पालक नको म्हणून रुसणाऱ्या पोरांना असा पालक मिळाला होता. (हा विनोद मराठीतच जमतो, पोलिश माणसाला समजावत बसू नका.)

आता कोल्हापूर. युद्ध लांबलं, इराणमध्ये अडकलेले हजारो पोलिश लोक कराचीमार्गे येत राहिले. त्यांच्यासाठी १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या बाजूला वळिवडे इथे मोठी छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसं, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. कोल्हापूर संस्थानची तेव्हाची स्थिती बघा. राजाराम महाराज १९४० मध्ये वारलेले, गादीवर दत्तक घेतलेलं अगदी लहान मूल, आणि कारभार राजमातेच्या नावानं चाललेला. ज्या दरबाराचा राजाच बिनबापाचा पोर होता, त्याच्या दारात ही बिनबापाची पोरं आली.

वळिवड्याला बैठ्या बराकी होत्या. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तिथे पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची, स्काऊटची पथकं होती, आणि एकट्या मुलांसाठी वेगळं वसतिगृह होतं. प्रकृतीनं नाजूक असलेल्यांची सोय पाचगणीला केली होती. शिक्षक त्यांचेच, भाषा त्यांचीच, सण त्यांचेच. म्हणजे मुलाला छप्पर दिलं पण त्याच्याकडून त्याचं नाव काढून घेतलं नाही. कोल्हापूरचे व्यापारी मोडकंतोडकं पोलिश बोलायला लागले आणि पोरं बाजारात घासाघीस करायला शिकली. एका मुलीनं तर इथेच लग्न केलं आणि ती जन्मभर कोल्हापूरकर राहिली.

हे सगळं गोड गोड वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्याच १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसं चालत आसामकडे येत होती आणि वाटेतल्या जंगलात मरत होती. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं रस्त्यावर भुकेनं पडली. आपल्या कुलाबा जिल्ह्यात सप्टेंबर १९४२ मध्ये महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिथे गोळ्या चालल्या. गागोद्याचे विनोबा तुरुंगात होते. पोलिश मुलं इंग्रजांच्या दोस्त राष्ट्राची होती, त्यांच्या मागे सरकार होतं आणि पैसा होता. हे विसरून नुसता ‘अतिथी देवो भव’चा गजर करणं मला पटत नाही. तरीही, दुष्काळ आणि रेशनिंगच्या दिवसांत या देशातल्या लोकांनी परक्या पोरांना जागा दिली आणि त्यांच्याशी नीट वागले, हेही तितकंच खरं आहे.

आता मुद्द्याकडे येतो. खरी अडचण जेवणाखाण्याची नव्हतीच. ती आली युद्ध संपल्यावर. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातलं नवं, रशियाच्या कलानं चालणारं सरकार मान्य केलं. ज्या सरकारच्या भरवशावर मुलं इथे आली होती, ते कागदावरून गायब झालं. नवं सरकार म्हणू लागलं, मुलं आमची, परत पाठवा. ज्या राजवटीनं आईबाप गिळले तिच्याच सावलीत पोरांना परत पाठवायचं का? आणि नाही म्हणायचं तर कोणत्या हक्कानं? मुलाच्या वतीनं ‘नाही’ म्हणायला कायद्यानं त्याचा कोणीतरी असावा लागतो.

तेव्हा जामसाहेब, छावणीचे फादर फ्रान्सिशेक प्लुटा आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क या तिघांनी मिळून नवानगरच्या न्यायालयातून या अनाथ मुलांचं रीतसर दत्तकपत्र करून घेतलं. एक हिंदू राजा, एक कॅथलिक पाद्री आणि एक इंग्रज साहेब, तिघे मिळून शेकडो पोरांचे बाप. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि उरलेली मुलं वळिवड्याला आली. तिथून १९४८ पर्यंत कोणी इंग्लंडला, कोणी अमेरिकेला, कोणी ऑस्ट्रेलियाला गेलं, काही पोलंडलाही परतली. ज्यांचे आईबाप जिवंत सापडले ती त्यांच्याकडे गेली. ‘बापू’ हे नाव आपण प्रेमानं आठवतो, पण मुलांना वाचवलं त्या सहीशिक्क्याच्या कागदानं, असं माझं मत आहे.

आता रायगडचा संबंध. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून जाहीर झाली. त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून काही मुलं वाचली, आणि सकाळी त्यांना कळलं की घरच उरलं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै २०२१ मध्ये, महाड तालुक्यात तळिये. ही मुलं परदेशातून आलेली नव्हती, आपल्याच जिल्ह्यातली होती, पण एका रात्रीत घर, गाव आणि आईबाप गमावलेल्या मुलाला दुसरं काय म्हणायचं?

तेव्हा बातम्यांत एक शब्द सारखा येत होता, ‘दत्तक’. अमक्यांनी मुलं दत्तक घेतली, तमक्यांनी घेतली. आम्ही पत्रकारही तोच शब्द छापत होतो. आपल्याकडे गाव दत्तक घेतात, झाड दत्तक घेतात, रस्ता दुभाजक दत्तक घेतात. प्रत्यक्षात यातलं बरंचसं म्हणजे शाळेचा खर्च उचलणं. ते चांगलंच आहे, कोणी नाउमेद करू नये. पण खर्च उचलणारा पालक होत नाही. मुलाचा दाखला कोण काढणार, ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार, नुकसानभरपाईची रक्कम कोणत्या खात्यात जाणार, वडिलांच्या नावची जमीन कोण सांभाळणार, आणि काका-मामा भांडले तर मुलाला कोणाकडे ठेवायचं हे कोण ठरवणार? एका कचेरीत मी हा प्रश्न विचारला, तर साहेबांनी मला देणगीदारांची यादी दिली.

कायदा आज १९४६ पेक्षा स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे एकटं सापडलेलं मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मुलाला कुठे ठेवायचं हे समिती ठरवते, परस्पर कोणी घरी नेऊ शकत नाही, हेतू कितीही चांगला असो. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारनं ५ लाखांची मुदत ठेव ठेवली, आणि त्यांची मालमत्ता सुरक्षित राहावी याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या कृती दलावर टाकली. हे योग्यच झालं, कारण ठेव मोडायला नातेवाईक कसे धावतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. परदेशातून आलेल्या मुलांबाबत मात्र चित्र धूसर आहे. निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही.

पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथे आली. आज कापडाच्या ठोक बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर ते हेच. कोल्हापूरला अंबाबाईला जाल तेव्हा अर्धा तास काढून महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ बघून या.

पेण, रोहा, नागोठणे भागात कोणाच्या आजी-आजोबांनी त्या काळात मुंबईत किंवा पाचगणीला ही मुलं पाहिली असतील, घरात एखादा फोटो किंवा आठवण असेल, तर खाली जरूर लिहा. आणि आपल्या आसपास एकटं पडलेलं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करा, फुकट लागतो.