दोन मिनिटांचा टप्पा

विमान सुटते आणि उतरते. मधे चहा विचारायला कोणी येत नाही. यायला वेळच नसतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूह आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधला हवाई प्रवास वेळापत्रकात दोन मिनिटांचा आहे, अंतर २.७ किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटरची. हा अख्खा प्रवास तिच्यावर मावेल, वर जागाही उरेल.

जगातला सर्वात छोटा नियमित विमानप्रवास म्हणून त्याची नोंद झाली आहे. पण विक्रमासाठी तो कोणी आखलेला नव्हता.

ऑर्कनी आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पेंटलंडची सामुद्रधुनी आहे. तिथली भरतीची ओढ बोटीतल्या भल्याभल्यांना आडवे करणारी. टेड फ्रेसन या वैमानिकाने १९३३ च्या मे महिन्यात इन्व्हरनेसहून ऑर्कनीच्या कर्कवॉल गावापर्यंत विमानसेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी, २९ मे १९३४ पासून, तो टपालही नेऊ लागला. तेही जादा आकार न लावता, साध्या दरात. पाठोपाठ उत्तरेकडच्या लहान बेटांवर, चक्क कुरणांत, विमाने उतरू लागली. महायुद्ध आले आणि या लहान बेटांची सेवा थांबली.

ती पुन्हा सुरू होण्यामागे एका कंत्राटदाराची घाई आहे. टे नदीवरचा पूल विली लोगन यांच्या कंपनीने बांधला. कामांवर वेळेत पोचायचे तर हाताशी विमान हवे, म्हणून १९६२ मध्ये त्यांनी लोगनएअर काढली. १९६६ च्या जानेवारीत इन्व्हरनेसजवळ, दुसऱ्याच कंपनीच्या भाड्याच्या विमानाला झालेल्या अपघातात ते गेले. लोगनएअरची वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे सेवा सुरू झाली १९६७ मध्ये. ती त्यांनी पाहिलीच नाही.

खरे तर हा स्वतंत्र मार्ग नव्हेच. विमान कर्कवॉलहून निघून दोन्ही बेटे घेत परत येते. एसटीच्या फेरीतले दोन थांबे जवळजवळ असावेत, तसे हे दोन धावपट्टीचे थांबे. विमानही त्याच जातकुळीचे. ‘आयलंडर’ जातीच्या या विमानात मधून चालायला वाट नाही, बाहेरच्या दारातून थेट आपल्या बाकावर चढायचे. गर्दी असली की एक प्रवासी वैमानिकाशेजारी बसतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडाप जीपमध्ये बसलेल्याला यात नवल वाटणार नाही.

वारा पाठीशी असला की दोन मिनिटेही लागत नाहीत. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने हे अंतर ५३ सेकंदांत कापले होते. निवृत्तीपर्यंत त्याने हा टप्पा बारा हजारांहून अधिक वेळा ओलांडला.

पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत. इतक्यांसाठी विमान कशाला, असा हिशेबी प्रश्न पडतो खरा. पण डॉक्टर, शिक्षक याच विमानाने येतात. पुरातत्त्वाचे अभ्यासकही येतात, कारण ‘नॅप ऑफ हॉवर’ ही साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरे इथे अजून भिंतींनिशी उभी आहेत. हौशी पर्यटकांना उड्डाणाचे प्रमाणपत्र मिळते.

धुके उतरले की विमान कर्कवॉललाच थांबते. मग वेस्ट्रेच्या धक्क्यावरून छोटी बोट पकडायची. समुद्र शांत असेल तर पंचवीस मिनिटे.